बिअरच्या केगचे भाग: बेसमेंटमध्ये उतरणारा प्रत्येक जण विचारतो ते प्रश्न

आमच्याकडे कोणी जेवायला आलं की ताटं वाढेपर्यंत अर्धी मंडळी बेसमेंटमध्ये उतरलेली असतात, कारण तिथे एक जुना चेस्ट फ्रीझर आहे आणि त्यात स्टीलची तीन उंच नळकांडी उभी आहेत. मग सुरू होतं, हे काय, ते काय, ही दोन तोंडं कशाला, हे फुटत नाही ना. ओहायोत राहतो, घरी बिअर करायला लागून आठ-नऊ वर्षं झाली, पहिली दोन वर्षं बाटल्या भरल्या आणि मग केगवर, म्हणजे या स्टीलच्या नळकांड्यांवर, आलो. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, केगमध्ये स्टील सहसा कधी बिघडत नाही, जे काय बिघडतं ते रबर. एवढं डोक्यात ठेवलंत की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

केग कशाला पण? बाटल्या काय वाईट आहेत?

वाईट काही नाही, पण धुवायला लागतात. घरची एक बॅच साधारण ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरला थोडी कमी. त्याच्या ३५५ मिलीच्या बाटल्या भरायच्या तर पन्नासच्या वर होतात. पन्नास बाटल्या धुवा, सॅनिटाईझ करा, प्रत्येकीत साखर पडेल असं बघा, बुचं दाबा, मग दोन-तीन आठवडे वाट बघा. केग म्हणजे पन्नासच्या जागी एकच बाटली, आणि तिच्यात गॅस आपण बाहेरून भरतो म्हणून बाटलीत साखर खाऊन गॅस करणाऱ्या यीस्टची मनधरणी करत बसावं लागत नाही. मला बाटल्या भरायला अख्खा रविवार जायचा, केग भरायला पाऊण तास लागतो, त्यातही पंधरा मिनिटं मी नुसता उभा असतो.

सगळे ‘कॉर्नी’ म्हणतात ते काय आहे?

कॉर्नेलियस या कंपनीचं लाडाचं नाव. मूळची मिनेसोटातल्या अनोका गावची कंपनी. गंमत म्हणजे हा डबा बिअरसाठी बनलेलाच नाही, तो कोक-पेप्सीच्या सिरपसाठी होता. हॉटेलात जे सोड्याचं मशीन असतं त्याच्या मागे हे डबे लावलेले असायचे. पुढे सोडावाल्यांनी सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणायला सुरुवात केली आणि हे डबे ढिगाने रिकामे पडले, ते घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. पूर्वी फारच स्वस्त मिळायचे असं जुने लोक सांगतात आणि सांगताना मुद्दाम जळवतात. आता त्याच नमुन्याचे नवे केग खास आपल्यासारख्यांसाठी बनतात, पण नाव कॉर्नीच राहिलंय, वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

बॉल लॉक आणि पिन लॉक, फरक काय? कुठला घेऊ?

फरक वरच्या तोंडांना नळी कशी अडकते त्याचा. बॉल लॉकमध्ये कनेक्टरच्या, म्हणजे नळीच्या टोकाच्या जोडाच्या, आत बारीक छर्रे असतात, ते पोस्टच्या, म्हणजे केगच्या तोंडाच्या, खाचेत बसतात, कॉलर वर ओढून दाबायचं आणि सोडायचं, टक् आवाज आला की बसलं. पिन लॉकला पोस्टच्या बाजूला छोट्या खुंट्या असतात, त्यावर कनेक्टर दाबून फिरवायचा, बल्ब बसवतो तसा. पेप्सीवाल्यांचे बॉल लॉक आणि कोकवाल्यांचे पिन लॉक अशी जुनी वाटणी आहे. आकारही वेगळा, बॉल लॉक उंच आणि सडपातळ, पिन लॉक ठेंगणा आणि थोडा जाड, त्यामुळे फ्रिज ठेंगणा असेल तर पिन लॉक उपयोगी पडतो.

घ्यायचा कुठला? बॉल लॉक. नवे बहुतेक तेच येतात, सुटे भाग कुठेही मिळतात. मित्राकडून पिन लॉक फुकट मिळत असेल तर अर्थातच घ्या, पण मग दोन्ही प्रकार घरात आणू नका, ऐन पार्टीत हा कनेक्टर त्याला बसत नाही हे कळणं फार वाईट.

वरच्या दोन तोंडांपैकी गॅसचं कुठलं आणि बिअरचं कुठलं?

या तोंडांना पोस्ट म्हणतात. एकातून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. केगवर किंवा वरच्या रबरावर ‘इन’ आणि ‘आऊट’ उठवलेलं असतं, इन म्हणजे गॅस. जुन्या केगवर ते पुसट झालेलं असेल तर पोस्टचं बूड बघा, बॉल लॉकमध्ये गॅसच्या पोस्टला बुडाशी खाचा पाडलेल्या असतात किंवा ते चांदणीसारखं दिसतं, बिअरचं पोस्ट साधं षटकोनी. पिन लॉकमध्ये अजून सोपं, दोन खुंट्या गॅसला, तीन खुंट्या बिअरला.

कनेक्टरचे रंगही ठरलेले. राखाडी गॅसचा, काळा बिअरचा. ‘ग्रे म्हणजे गॅस’, ग ला ग, मी असंच पाठ केलं.

चुकून राखाडी कनेक्टर बिअरच्या पोस्टवर दाबला, आता निघतच नाही!

हे प्रत्येकाचं एकदा होतं. दोन्ही पोस्टांच्या मापात अगदी किंचित फरक असतो, त्यामुळे चुकीचा कनेक्टर जोर लावला की बसतो आणि मग अडकतो. पहिलं काम, रेग्युलेटर बंद करा आणि झाकणावरची रिंग ओढून प्रेशर सोडा. मग कॉलर वर धरून सरळ वर हिसका द्या, थोडं डावं-उजवं हलवत. पकड वगैरे घेऊन तुटून पडू नका, प्लास्टिक आहे ते. आणि पुढच्या वेळी बसवताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय असं वाटलं की थांबा, बरोबर जागी असेल तर तो अंगठ्याच्या जोरावर बसतो.

झाकण अंडाकृती का असतं? आणि ते आत कसं जातं?

माझा सगळ्यात आवडता भाग. घरी हॉकिन्सचा कुकर असेल तर तुम्हाला हे आधीच माहितीये. त्याचं झाकण तिरकं करून आत सरकवायचं, मग फिरवून सरळ करायचं आणि ते आतून वर ओढून बसतं. अगदी तसंच. भोक अंडाकृती, झाकणही अंडाकृती आणि भोकापेक्षा थोडं मोठं, आडवं घातलं की जातं, सरळ केलं की जात नाही. वरून एक तारेची कडी असते, तिला बेल म्हणतात, ती खाली दाबली की झाकण वर ओढलं जातं.

आता हे बघा, कडी फक्त सुरुवातीला धरून ठेवायला आहे. गॅस भरला की झाकणाला आतून प्रेशरच वर दाबून धरतं. हिशेब केला तर १२ पीएसआयला (दर चौरस इंचावर किती पौंड दाब, ते हे माप) त्या झाकणावर आतून साधारण ६० किलोचा रेटा असतो, म्हणजे एक माणूस केगमध्ये उभा राहून डोक्याने झाकण वर रेटतोय असं समजा. म्हणून भरलेल्या केगची कडी उघडली तरी झाकण उडत वगैरे नाही, ते जागचं हलतच नाही. कुकरचं झाकण वाफ गेल्याशिवाय उघडत नाही ते याच कारणाने. प्रेशरही जवळपास तेच हो, आपला कुकर साधारण १५ पीएसआयला शिट्टी मारतो आणि बिअर १२ ला ठेवतात. फरक एवढाच की कुकर गार झाला की वाफेचं पाणी होतं आणि प्रेशर जातं, केग कितीही गार केला तरी गॅस आतच असतो, तो तुम्हीच सोडायचा.

झाकणाच्या मध्ये जी रिंग आहे ती ओढली तर काय होईल?

फुस्स होईल. माझा भाचा दरवेळी येऊन आधी तेच करतो. तिला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात, कामं दोन. एक, प्रेशर प्रमाणाबाहेर वाढलं तर ती आपोआप उघडते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी, फक्त ही वितळत नाही, परत बंद होते. दोन, आपण हाताने ओढून गॅस सोडू शकतो. झाकण उघडायच्या आधी हे करायचंच करायचं. आणि नवीन बिअर भरल्यावर वरच्या मोकळ्या जागेत जी हवा अडकलेली असते ती घालवायला गॅस भरा, रिंग ओढा, परत भरा, परत ओढा असं पाच-सहा वेळा करायचं. हवेतला ऑक्सिजन राहिला तर दोन-तीन आठवड्यांत बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. जुन्या पिन लॉकच्या काही झाकणांना ही ओढायची रिंग नसते, तिथे गॅसच्या पोस्टचं पॉपेट स्क्रूड्रायव्हरने हळूच दाबून गॅस सोडतात.

पॉपेट म्हणजे?

पोस्टच्या आत बसलेली स्प्रिंगवाली छोटी झडप. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा, मोटारीच्या टायरचा तर जास्तच बरोबर. कनेक्टर बसवला की तो मधली पिन दाबतो आणि वाट उघडते, काढला की स्प्रिंग वाट बंद करते. म्हणून प्रेशरखाली असतानाही नळी काढता-घालता येते. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, एखादा कण तिथे अडकला की मात्र कनेक्टर काढल्यावर पोस्टमधून बारीक कारंजं उडत राहतं. कनेक्टर परत लावून काढा, एक-दोनदा केलं की बऱ्याचदा कण निघून जातो. नाही गेला तर प्रेशर सोडून पोस्ट खोला. विकत घेताना आपल्या केगच्या मॉडेलचं बघून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांची पॉपेट लांबीला वेगळी असतात, आणि दिसायला सारखी.

आत दोन नळ्या आहेत, एक एवढीशी आणि एक तळापर्यंत. का?

डिप ट्यूब. छोटी गॅसची, दोन-तीन इंचाची, ती फक्त गॅस वरच्या जागेत सोडते. लांब नळी बिअरची, ती तळाच्या खळग्यापर्यंत जाते, म्हणजे गॅस वरून दाबतो आणि बिअर खालून नळीने वर चढते. पंप नाही, मोटर नाही, शहाळ्याच्या स्ट्रॉचं उलटं, आपण ओढायच्या ऐवजी वरून कोणीतरी दाबतंय.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. केग गळ्यापर्यंत भरू नका, छोटी नळी बिअरमध्ये बुडली तर बिअर उलटी गॅसच्या पाईपमधून रेग्युलेटरकडे जायला बघते. दुसरं, पहिला ग्लास गढूळ येतो तो येणारच, कारण लांब नळी तळाला टेकलेली आणि यीस्टचा गाळ तिथेच बसलेला. पहिला पाव ग्लास ओतून द्या. काही जण नळी अर्धा इंच कापतात, मी नाही कापली, माझं म्हणणं त्यापायी दरवेळी तळाची चांगली बिअरही उरते. हल्ली तरंगणारी नळी मिळते, सिलिकॉनची, टोकाला स्टीलचा फुगा, ती वरची स्वच्छ बिअर आधी घेते. एका केगला लावलीये, आवडली.

एकूण ओ-रिंगा किती? आणि कुठे?

पाच. हा प्रश्न मला सगळ्यात कमी लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त भानगडी इथेच होतात.

मोठी एक, झाकणाची. कुकरचं रबर समजा. मग दोन्ही पोस्टांवर बाहेरून एकेक, कनेक्टर ज्याला घासून बसतो ती. आणि दोन लपलेल्या, प्रत्येक डिप ट्यूबच्या कॉलरखाली एक, पोस्ट खोलल्याशिवाय दिसतच नाहीत. पोस्ट खोलायला लांब सॉकेटचा पाना लागतो, माझ्या बॉल लॉकला ७/८ इंचाचा बसतो, पण केगाकेगाचं माप वेगळं असतं तेव्हा आधी लावून बघा. पिन लॉकला खुंट्यांमुळे खाचा पाडलेलं खास सॉकेट हवं.

त्या लपलेल्या बिअरच्या बाजूच्या रिंगेने मला तीन महिने छळलं. ग्लास भरायला घेतला की अर्धा फेस. प्रेशर कमी केलं, पाईप लांब केला, नळ बदलला, काही नाही. मग एक दिवस टॉर्च लावून पाईप बघत बसलो तर कनेक्टरमधून निघतानाच बिअरमध्ये बारीक बुडबुड्यांची माळ. ती रिंग चिरलेली होती, वरचा गॅस तिथून बिअरच्या वाटेत शिरत होता. बाहेर गळतीचा थेंब नाही, साबणाच्या पाण्याला बुडबुडा नाही, कारण गळती आतल्या आत. काही सेंटची रिंग आणि मी त्याच्यापायी पन्नास डॉलरचा नळ बदलून बसलो होतो.

रिंगांना फूड ग्रेड सिलिकॉनचं ग्रीस पुसटसं लावायचं, चकाकी येईल एवढंच. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियममुळे काही जातींचं रबर फुगतं आणि चव उतरते ती वेगळीच. वर्षातून एकदा पाचही बदला, संच स्वस्त मिळतो.

गॅस गळतोय का हे कसं ओळखायचं?

स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, सीओटूला वास नाही, त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहू नका. भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या, झाकणाची कड, दोन्ही पोस्ट, रिलीफ व्हॉल्व्ह, पाईपचे सगळे जोड आणि सिलिंडरचा नट यावर मारा आणि दोन मिनिटं नीट बघा. बारीक गळतीचे बुडबुडे लगेच येत नाहीत, साबुदाण्यासारखे हळूहळू फुगतात.

झाकण गळत असेल तर बिअर भरल्यावर एकदा ३० पीएसआय देऊन रबर गच्च बसवा, मग प्रेशर खाली आणा. तरी गळलं तर झाकण काढून उलट-सुलट फिरवून लावा, काही झाकणं एकाच दिशेने नीट बसतात, का ते विचारू नका. मी पहिल्याच केगला हे न करता झोपलो आणि सकाळी सिलिंडर रिकामा. अख्खा.

सिलिंडर आणि रेग्युलेटर कसे असतात? आपल्या गॅससारखेच का?

बरंचसं. आतला सीओटू दाबाखाली द्रवरूप असतो, वरच्या जागेत त्याची वाफ, एलपीजीचंही तसंच. घरगुती कामाला ५ पौंडाचा, म्हणजे सव्वादोन किलो गॅसचा सिलिंडर पुरतो. रिकाम्याचं वजन वर कोरलेलं असतं, घरच्या सिलिंडरसारखं, तेव्हा किती उरलंय ते वजनकाट्यावर बघायचं. प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळावर विसंबू नका, कारण आत द्रव आहे तोपर्यंत काटा हलतच नाही, खोलीच्या तापमानाला ८०० ते ८५० पीएसआयच्या आसपास दाखवत राहतो आणि द्रव संपला की धाडकन पडतो. आणि सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की तोच काटा साडेपाचशेच्या आसपास येतो, गॅस गळला म्हणून घाबरून फोन करणारे दोन मित्र आहेत माझे.

रेग्युलेटरवर दोन घड्याळं, एक सिलिंडरमधलं प्रेशर दाखवणारं आणि एक केगला जाणारं. मधल्या स्क्रूने किंवा नॉबने दुसरं ठरवायचं. पाईपच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असलेला घ्या, तो बिअरला उलटं जाऊ देत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये नायलॉनचा वॉशर लागतो, हा विसरला की तिथूनच गळतं, दोन-चार जास्तीचे आणून ठेवा. अमेरिकेत सिलिंडरची दर ५ वर्षांनी दाबचाचणी लागते, तारीख मानेवर ठोकलेली असते, उलटून गेली असेल तर दुकानदार भरून देत नाही. सिलिंडर कायम उभा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो.

किती प्रेशर, किती दिवस?

साधारण ३ डिग्री सेल्सिअसला १२ पीएसआय ठेवलं की बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास गॅस विरघळतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस, पेल एल प्रकारच्या बहुतेक बिअरला हे छान. लावा आणि विसरा, दीड-दोन आठवडे. घाई असेल तर ३० ला दीड दिवस, मग गॅस सोडून १२ वर आणा. केग मांडीवर घेऊन हलवत बसणारेही आहेत, तासाभरात होतं म्हणतात, पण नको तेवढा गॅस भरला की काढायला दोन दिवस लागतात. बिअर गार नसेल तर यातलं काहीच जमत नाही, गरम पाण्यात गॅस कमी विरघळतो, ऊन लागलेला सोडा उघडून बघा.

नुसता फेस येतो, बिअर येतच नाही!

लपलेल्या रिंगेचं वर सांगितलं. बाकी नव्वद टक्के वेळा पाईप तोकडा असतो. केगमध्ये १२ चं प्रेशर आणि ग्लासमध्ये शून्य, तेव्हा हे प्रेशर वाटेत कुठेतरी जिरायला हवं, ते पाईपच्या घर्षणात जिरतं. त्यासाठी बिअरचा पाईप मुद्दाम बारीक घेतात, आतून ३/१६ इंच, आणि लांब, साधारण १० फूट. लोक फ्रिजमध्ये गुंतवळ नको म्हणून चार फूट लावतात आणि मग फेस खातात. गॅसचा पाईप त्याहून जाड चालतो, लांबीचं काही नाही.

शिवाय नळ पूर्ण उघडायचा, एका झटक्यात. अर्धवट उघडून हळूहळू ओतायला गेलात तर जास्त फेस होतो, चहा उंचावरून ओतताना होतो तसा. आणि नळ फ्रिजबाहेर असेल तर पहिला ग्लास फेसाळणारच, नळ गरम असतो.

नळ कुठला घेऊ?

सुरुवातीला प्लास्टिकचा पिकनिक नळ, अंगठ्याने दाबायचा. काही डॉलरचा आणि उत्तम चालतो. फक्त फ्रिजमध्ये पडलेला असताना त्याच्यावर काही ठेवू नका. आमच्याकडे एकदा दोडक्याची पिशवी त्यावर ठेवली गेली आणि खटका दाबला गेला, रात्रभरात तीन गॅलन बिअर फ्रीझरच्या तळाशी. कोणी ठेवली यावर घरात एकमत नाही.

धुवायचं कसं?

बिअर संपली की लगेच, वाळू देऊ नका. कोमट पाण्यात ब्रुअरीचं धुण्याचं पावडर, पीबीडब्ल्यू किंवा तसलं कुठलंही, भरून काही तास ठेवा, मग खळखळून धुवा. पोस्ट आणि लांब नळी दरवेळी नाही तरी तीन-चार बॅचनंतर खोलून ब्रशने घासा. एका वेळी एकच पोस्ट खोला, दोन्ही एकदम खोलले की कुठला भाग कुठला यात अर्धा तास जातो. ब्लीच नको, क्लोरीनने स्टीललाही बारीक खड्डे पडतात. काथ्या आणि तारेची घासणीही नको, आतला गुळगुळीतपणा गेला की जंतूंना घर मिळालं.

शेवटी आम्लाचं सॅनिटायझर, स्टार सॅन वगैरे, ५ गॅलनला एक औंस. फेस राहिला तरी चालतो. एक युक्ती सांगतो, केग सॅनिटायझरने काठोकाठ भरा, झाकण लावा आणि गॅसच्या जोरावर ते नळातून दुसऱ्या बादलीत काढा. आत राहतो तो जवळजवळ नुसता सीओटू. मग बिअर झाकण न उघडता बिअरच्याच पोस्टमधून आत सोडायची, ती तळापासून वर भरत जाते आणि हवेशी तिचा संबंधच येत नाही.

जुना केग घेताना काय बघू?

आत टॉर्च मारून बघा, काळे बारीक खड्डे असतील तर सोडून द्या. बाहेरचे पोचे, ओरखडे, फाटकं रबरी बूड चालतं. प्रेशर धरून आहे का बघा, रिंग ओढल्यावर फुस्स झालं तर चांगलं लक्षण. आणि वास घ्या. माझा पहिला केग एका विकणाऱ्याने ‘एकदम स्वच्छ’ म्हणून दिला, त्यात आधी रूट बिअर (नावात बिअर असलं तरी एक गोड सोडाच) होतं, आणि माझ्या गव्हाच्या बिअरला आयोडेक्ससारखा वास आला. स्टीलला वास राहत नाही, तो रबरात मुरलेला होता. पाचही रिंगा बदलल्यावर गेला.

बारमध्ये असतो तो मोठा केग वापरता येत नाही का?

तो सँकी, त्याला वर एकच तोंड असतं, आतला भाला, म्हणजे लांब नळी, एका रिंगने अडकवलेला, आणि कपलर लावून गॅस व बिअर दोन्ही तिथूनच जातं. ब्रुअरीला उत्तम, घरी उघडून धुवायला त्रासाचा. आणि प्रेशर न सोडता भाला खोलायला गेलं तर तो उडून तोंडावर येतो, यात माणसं जखमी झालेली आहेत. शिवाय डिपॉझिट भरलं म्हणजे केग आपला झाला असं नाही, तो ब्रुअरीचाच असतो.

हे फुटेल का?

बहुतेक कॉर्नीवर १३० पीएसआयपर्यंत चालेल असं कोरलेलं असतं, आपण १२ ला वापरतो. केगची भीती नको. भीती गॅसची ठेवा, सीओटू हवेपेक्षा दीडपट जड असतो, बंद छोट्या खोलीत सिलिंडर गळला तर तो खालीच साठतो आणि माणूस गुदमरू शकतो. चेस्ट फ्रीझरमध्ये डोकं घालून खोलवर वाकायच्या आधी झाकण उघडं ठेवून दोन मिनिटं थांबा. बेसमेंटमध्ये मी सीओटूचा अलार्म लावलाय.

बिअर पीत नाही, मग केग काय कामाचा?

अहो, हा सोड्याचाच डबा आहे मुळात! आमच्याकडे एक केग कायम कोकमाचा असतो. आगळ, साखर, मीठ, जिरेपूड एकत्र करून पंच्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर जिऱ्याचा कण पॉपेटमध्ये जाऊन बसतो, मग पाणी घालून ३० पीएसआय, कारण सोड्याला बिअरपेक्षा बराच जास्त गॅस लागतो. पाईपही त्या हिशेबाने दुप्पट-अडीचपट लांब. मिठाच्या आणि आंबट सरबताने केग महिनोन्महिने भरून ठेवू नका, संपवा आणि धुवा. ताकावर प्रयोग करून झालाय, करू नका.

भारतात करता येईल का हे?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं त्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे पुण्याच्या घरी हे नाही. तिथल्या मायक्रोब्रुअरीत जाऊन प्या, केग तिथेही दिसतील. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हापासून केंद्राची ना नाही, घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची मात्र नाही. राज्यांना वेगळा अधिकार होता आणि शेवटची दोन, अलाबामा आणि मिसिसिपी, २०१३ मध्ये कबूल झाली. कोकमाच्या सोड्याला कुठेच परवाना लागत नाही.

रिकामा केग कसा ठेवायचा?

धुऊन, वाटीभर सॅनिटायझर आत ठेवून, १० पीएसआय गॅस भरून बंद. सहा महिन्यांनी रिंग ओढाल तेव्हा फुस्स झालं तर झाकणाचं रबर आणि पॉपेट जागेवर आहेत, सरळ भरायला घ्या. काहीच झालं नाही तर साबणाचं पाणी घेऊन बसा.